ब्रेसेस निघाले, आता रिटेनर! किती दिवस लावायचा आणि धुवायचा कसा? (इंदूर)

स्नेहलतागंज_आई

नमस्कार. मुलगी १७ वर्षांची आहे, तिचे ब्रेसेस मागच्या महिन्यात निघाले. समोरचे दोन दात एकमेकांवर चढलेले होते आणि एक सुळा तर पार वरून हिरडीतून आलेला, आता इतके छान दिसतात की पोरगी आरशासमोरून हलत नाही. दात परत सरकू नयेत म्हणून वरच्या दातांना काढता-घालता येणारा पारदर्शक प्लास्टिकचा रिटेनर दिलाय आणि खालच्या दातांना आतल्या बाजूने बारीक तार चिकटवलीय. डॉक्टर म्हणाले पहिले सहा महिने जेवण आणि ब्रश सोडून दिवसभर, मग फक्त रात्री. रात्रीचा कधी बंद करायचा विचारलं तर म्हणाले बंद करायचाच नाही.

आता घरात यावरून रोज चर्चा. सासूबाई आणि नणंद म्हणतात एवढ्या तारा लावल्या, दात बसले ना जागेवर, सहा महिने पुरे, लग्न झाल्यावर पण हे लावून झोपणार का. मला डॉक्टरांचं ऐकायचंय पण खरंच जन्मभर लावतात का लोक हे कोणीतरी स्वतः लावणाऱ्याने सांगितलं तर बरं वाटेल.

दुसरं म्हणजे त्या प्लास्टिकला आतून पांढरट थर धरायला लागलाय आणि सकाळी काढला की वास येतो. ती नुसता नळाखाली धरते. आमच्याकडे नर्मदेचं पाणी एक दिवसाआड, बाकी सगळं बोरिंगचं, आणि ते इतकं जड आहे की बादल्यांना पांढरे डाग पडतात. सासूबाई म्हणतात बाळाची बाटली उकळायचो तसा उकळून काढ. अजून उकळला नाहीये, आधी इथे विचारते. जुलैमध्ये ती भोपाळला होस्टेलला जाणार, तिथे मागे लागायला मी नसणार, त्याचीच जास्त काळजी आहे.

---

रामबागवाला

ताई उकळू नका!! गरम पाणी पण नको. माझ्या भावाच्या सासरी उकळत्या पाण्यात टाकला होता, दोन मिनिटांत आकार गेला, मग दातांवर बसेचना आणि नवीन करावा लागला. साधं गार पाणी.

---

दातांचा_विद्यार्थी

काकू, मी इथेच इंदूरला एमडीएस करतोय, ऑर्थोच, म्हणजे दात सरळ करायची शाखा. तुमच्या डॉक्टरांनी सांगितलंय ते बरोबर आहे आणि ते का हे सासूबाईंना नीट सांगता आलं तर घरातला वाद मिटेल असं वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दात हाडात भिंतीत ठोकलेल्या खिळ्यासारखा घट्ट नसतो. दाताचं मूळ आणि हाड यांच्यामध्ये धाग्यांचा एक पातळ थर असतो, साधारण पाव मिलीमीटरचाच, आणि दात त्या धाग्यांवर टांगलेला असतो. ब्रेसेसने सतत हलका दाब दिला की ज्या बाजूला दात सरकतो तिकडचं हाड विरघळतं आणि मागे जी जागा सुटते तिथे नवीन हाड भरतं. म्हणूनच दात हलवता येतात. पण ज्या दिवशी ब्रॅकेट निघतात त्या दिवशी ते नवीन हाड कच्चं असतं आणि धागे अजून जुन्या जागेच्या ओढीत असतात. मुळाभोवतीच्या धाग्यांची घडी नवीन जागी बसायला ३ ते ४ महिने लागतात, हिरडीतल्या धाग्यांना ४ ते ६ महिने, आणि दाताच्या मानेजवळ हिरडीत जे लवचिक धागे असतात ते सगळ्यात हट्टी, त्यांना वर्षभर किंवा त्याहून जास्त. तुमच्या मुलीचे दात एकमेकांवर चढलेले होते म्हणता, म्हणजे ते बहुतेक फिरलेले पण असणार, आणि फिरलेला दात सरळ केला की तेच लवचिक धागे त्याला परत फिरवायला बघतात. म्हणून सुरुवातीचे सहा महिने दिवसभर. ह्यात सूट नाही.

आता सहा महिन्यांनंतर पण का, हा सासूबाईंचा खरा प्रश्न. तर दात आयुष्यभर थोडे थोडे सरकतच असतात, ब्रेसेस लावलेले असोत किंवा नसोत. ज्यांनी कधी काही केलं नाही अशा माणसांचे पण वय वाढेल तसे खालचे समोरचे दात दाटीवाटी करायला लागतात. सासूबाईंना त्यांचे स्वतःचे खालचे दात आरशात बघायला सांगा आणि लग्नातल्या फोटोशी ताडून बघा, फरक दिसेल बहुतेक. अमेरिकेत वॉशिंग्टन विद्यापीठाने रिटेनर बंद करून १० वर्षं झालेले पेशंट परत बोलावून तपासले होते, त्यात खालचे समोरचे दात समाधानकारक राहिलेले जेमतेम एक-तृतीयांश निघाले. आणि आधीच कोणाचे राहतील आणि कोणाचे नाही हे सांगता येत नाही, तीच मोठी अडचण आहे. म्हणून आजकाल आम्ही सरळ सांगतो, जोपर्यंत दात असेच हवेत तोपर्यंत रात्रीचा लावा. लग्नाचा आणि याचा काही संबंध नाही, प्लास्टिकचा असतो, झोपेत कोणाला दिसत पण नाही.

धुण्याबद्दल संध्याकाळी लिहितो, ओपीडी आहे.

---

रेणू_वैशालीनगर

मी लावणाऱ्यांपैकी. कॉलेजमध्ये असताना ब्रेसेस होते, आता चाळिशीला आले, खाली तार अजून तीच आणि वर रात्रीचा रिटेनर. हो, लग्न झालं, दोन मुलं पण झाली 🙂 आणि रिटेनर घालूनच झोपते. सवय झाली की चष्मा काढून ठेवण्याइतकंच आहे ते, विचार पण येत नाही डोक्यात.

सगळे वरच्या प्लास्टिकबद्दल बोलतात पण मी तुम्हाला खालच्या तारेबद्दल सांगते कारण ती दिसत नाही म्हणून तिच्याकडे लक्ष जात नाही. खालच्या समोरच्या दातांच्या मागे, जिभेखाली, लाळेच्या ग्रंथींची तोंडं उघडतात, त्यामुळे पांढरा कडक थर म्हणजे टार्टर सगळ्यात जास्त तिथेच जमतो आणि तार असली की त्याला धरायला आयताच आधार मिळतो. नुसत्या ब्रशने तारेखालचं निघत नाही. साधा फ्लॉस वरून जाणार नाही कारण तार आडवी आहे. त्यासाठी फ्लॉस थ्रेडर मिळतो, प्लास्टिकचा मऊ सुईसारखा, किंवा सुपरफ्लॉस मिळतो ज्याचं टोक आधीच कडक असतं. ते टोक समोरून दोन दातांच्या मधे, तारेच्या खालून आत घालायचं, जिभेच्या बाजूने ओढून घ्यायचं, मग एका दाताच्या कडेला लावून हिरडीपर्यंत वरखाली, मग शेजारच्या दाताच्या कडेला, मग टोकाने बाहेर ओढून पुढची फट. पहिले काही दिवस फार वेळ लागतो आणि हिरडीतून थोडं रक्त पण येतं, रोज केलं की थांबतं. माझं आता दात घासता घासता होऊन जातं. तिला आरशासमोर उजेडात बसवून एकदा तुम्हीच करून दाखवा, किंवा डॉक्टरांकडे जाल तेव्हा त्यांच्याकडून शिकून घ्या. शिवाय दर सहा महिन्यांनी क्लीनिंग.

तार सुटली हे ओळखायचं कसं तर जिभेला टोचतं, किंवा एकाच दातापाशी अन्न अडकायला लागतं, किंवा फ्लॉस जिथे अडायचा तिथून सरळ वर निघून येतो. बरेचदा तार जागेवरच दिसते पण एका दातावरचा गोंद निघालेला असतो, दुखत बिखत काही नाही, आणि तेवढा एक दात हळूहळू बाहेर यायला लागतो. म्हणून दर आठवड्याला एकदा नखाने किंवा जिभेने एकेक दातापाशी चाचपून बघायचं. सुटली असेल तर लगेच डॉक्टर, उद्यावर नाही.

आणि खाण्यात समोरच्या दातांनी काही तोडायचं नाही. ऊस नाही, कडक चिक्की नाही, सफरचंद-पेरू कापून, पावसाळ्यात भाजलेलं कणीस दातांनी तोडायचं नाही. सराफ्यात रात्रीच्या खाऊबाजारात भुट्ट्याचा कीस मिळतो ना, तो खा म्हणावं हवा तेवढा.

---

लष्कर_ग्वाल्हेर

आमच्या मुलाचं पण मागच्या वर्षी झालं. ग्वाल्हेरचा मे महिना माहीत असेल तुम्हाला, ४५ च्या वर जातो. आमचा नियम एकच, रिटेनर गाडीत ठेवायचा नाही. उन्हात बंद गाडी उभी असली की डॅशबोर्डवर हात ठेववत नाही, ते प्लास्टिक पातळ असतं, वाकायला वेळ लागत नाही. वाकलेलं डोळ्यांना कळत पण नाही, दातावर बसवलं की कळतं. खिडकीच्या कट्ट्यावर वाळायला ठेवणं पण बंद केलं.

पांढऱ्या थराला आमच्या डॉक्टरांनी पांढरं व्हिनेगर सांगितलं होतं, अर्धं व्हिनेगर अर्धं गार पाणी, त्यात पंधरा-वीस मिनिटं, मग मऊ ब्रशने घासून भरपूर पाण्याने धुणे. निघतो. आमच्याकडे पण पाणी जडच आहे, आम्ही शेवटचं खंगाळणं आरओच्या पाण्याने करतो.

---

दातांचा_विद्यार्थी

हं, आता धुण्याबद्दल. ग्वाल्हेरचे काका म्हणतात ते बरोबर आहे, व्हिनेगर चालतं, पण अधूनमधून, आणि थर रोज धुतला तर धरतच नाही हे मुख्य.

त्या पांढऱ्या थरात काही भाग बोरिंगच्या पाण्याचा असेल पण जास्त करून तो लाळेतलाच कॅल्शियम असतो. दातावर जसा टार्टर जमतो तसाच प्लास्टिकवर. आणि वास येतो तो जंतूंच्या चिकट थराचा. नळाखाली धरल्याने तो थर जात नाही, हात लावून बघा, आतून बुळबुळीत लागेल. तर काढल्या काढल्या, ओला असतानाच, गार पाणी, भांडी घासायच्या सौम्य लिक्विडचा किंवा साध्या साबणाचा एक थेंब आणि एक वेगळा मऊ ब्रश, बाहेरून कमी आणि आतल्या खाचांमधून जास्त. वाळला की तोच थर चिवट होतो. टूथपेस्ट लावू नका, तिच्यात घासायचे बारीक कण असतात, दाताला ठीक आहेत पण प्लास्टिकवर चरे पाडतात आणि त्या चऱ्यांमध्ये परत जंतू आणि डाग बसतात, मग तो धुरकट दिसायला लागतो. आठवड्यातून एक-दोनदा कवळी धुवायच्या गोळ्या मिळतात मेडिकलवर त्या वापरा, पाकिटावर लिहिलंय तेवढा वेळ, नंतर नीट धुवून मगच तोंडात. पाकिटावर गरम पाणी लिहिलेलं असलं तरी आपलं कोमटच घ्या. ब्लीच वगैरे अजिबात नाही.

दुसरं, लोक रिटेनर धुतात आणि दात न घासता वर घालतात. रिटेनरच्या आत लाळ खेळत नाही, दाताला लाळेचं जे संरक्षण असतं ते तिथे मिळत नाही. त्यामुळे खाल्ल्यावर किमान खळखळून चूळ भरून मग घालायचा आणि घातलेला असताना पाण्याशिवाय काही प्यायचं नाही. कोल्ड्रिंक, सरबत, गोड चहा प्यायला की तो आत शिरून दातापाशी तसाच बसतो, असे किडलेले दात आम्ही बघतो, आणि वाईट वाटतं कारण दात सरळ करून किडवले असं होतं. चहाने वाकतो पण आणि पिवळा पण होतो. जेवताना तर काढायचाच. हळदीचा डाग एकदा लागला की जात नाही, पोह्यांवरचा जीरावन मसाला सुद्धा पुरतो.

---

स्नेहलतागंज_आई

इतकं कोणी समजावून सांगितलंच नव्हतं, मनापासून आभार. सासूबाईंना दोन्ही वाचून दाखवलं, त्यांनी खरंच लग्नाचा अल्बम काढायला लावला. खालचे दात फोटोत सरळ होते, आता नाहीत. त्यानंतर उकळायचा विषय पण निघाला नाही आणि सहा महिन्यांचा पण नाही.

आज लिक्विडने धुतला, वास लगेच कमी झाला. व्हिनेगर आणते उद्या.

आता दोन शंका. एक, परवा मुलगी नणंदेच्या घरी राहिली आणि रिटेनर इथेच विसरला, दोन रात्री गेल्या, आता घातला तर घट्ट लागतो म्हणते. घालू द्यायचा का? दुसरं होस्टेल. मैत्रिणींबरोबर बाहेर खायला जाणार, तेव्हा काढून ठेवणार कुठे?

---

दातांचा_विद्यार्थी

घट्ट लागतो पण शेवटपर्यंत बसतोय का ते बघा. चांगल्या उजेडात, दातांच्या कडेला आणि प्लास्टिकला मधे फट दिसते का. पूर्ण बसत असेल तर घालू द्या, दिवस-रात्र, दोन-चार दिवसांत सैल वाटेल. घट्ट लागणं म्हणजे दात थोडे सरकले होते आणि रिटेनर त्यांना परत आणतोय. पण बसतच नसेल, एका बाजूला वर राहत असेल, तर दातांनी चावून चावून बसवायचा नाही, तडकतो. घरी कात्री-कानस लावायची नाही, फेव्हिक्विकने जोडायचा नाही. डॉक्टरांना फोन आणि त्याच आठवड्यात दाखवणे. उशीर केला तर साधा नवीन रिटेनर करून भागत नाही, परत ब्रेसेस किंवा अलाइनरपर्यंत (दात सरकवणारे पारदर्शक साचे) जातं.

---

छप्पन_दुकान

कुठे ठेवणार याचं उत्तर डबी, डबी आणि फक्त डबी. माझ्या भाच्याने छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत टिश्यूत गुंडाळून प्लेटशेजारी ठेवला, प्लेट उचलली गेली तशी टिश्यू पण गेली. आपल्या इंदुरात तर कचरा पाच मिनिटं जागेवर राहत नाही. त्याने आणि माझ्या बहिणीने ओला-सुका दोन्ही डबे उपसले, मिळाला नाही. खिशात तसाच ठेवला की बसताना मोडतो, बॅगेत तसाच टाकला की चिरतो. रंगीत, झटकन दिसेल अशी डबी घ्या, हवेची भोकं असलेली, आणि डबी पण रोज धुवा, लोक रिटेनर चकाचक करून घाणेरड्या डबीत टाकतात. घरात कुत्रा असेल तर डबी उंचावर. लाळेच्या वासाने कुत्री नेमकी तेच चावतात.

---

सुदामानगर_काका

माझ्या मुलीला डॉक्टर म्हणाले होते अक्कलदाढा काढून टाका म्हणजे दात परत वाकडे होणार नाहीत. कोणाला माहिती आहे का याबद्दल?

---

दातांचा_विद्यार्थी

काका, अक्कलदाढ मागून ढकलते म्हणून पुढचे दात दाटतात ही समजूत फार जुनी आहे पण अभ्यासांतून ती सिद्ध झालेली नाही. ज्यांच्या अक्कलदाढा जन्मतःच नसतात त्यांचे पण खालचे दात दाटतात. दाढ किडली असेल, अडकली असेल, हिरडी सारखी सुजत असेल तर काढायला कारण आहे. फक्त पुढचे दात सरळ राहावेत म्हणून काढायचं कारण नाही, त्याला रिटेनरच. दुसऱ्या कोणाचं मत घ्यायचं असेल तर एमवाय हॉस्पिटलसमोर सरकारी डेंटल कॉलेज आहे, तिथे ऑर्थोचा वेगळा विभाग आहे, दाखवून या.

---

रेणू_वैशालीनगर

काकू होस्टेलबद्दल. माझी भाची मागच्या वर्षी पुण्याला गेली तेव्हा तिला आम्ही एक छोटा पाऊच करून दिला होता. डबी, घडीचा ब्रश, सुपरफ्लॉसचं पाकीट, छोट्या बाटलीत लिक्विड. हा पाऊच कॉलेजच्या बॅगेतच राहतो, खोलीवर नाही. आणि रात्रीसाठी तिने डबी मोबाइलच्या चार्जरशेजारी ठेवलीय, फोन चार्जिंगला लावला की डबी समोर. तिला रोज फोन करून विचारू नका घातला का म्हणून, त्या वयात तेवढ्याने नेमकं उलटं होतं. त्यापेक्षा दर वेळी घरी आली की तुमच्यासमोर घालून दाखव म्हणावं, सहज बसला तर घालते आहे, घट्ट बसला तर नाही, विचारायची गरजच नाही.

जायच्या आधी डॉक्टरांकडून आणखी एक जोड करून घ्या, सध्याचे दात अगदी जागेवर आहेत तेव्हाच. आजकाल बऱ्याच ठिकाणी तोंडाचं स्कॅन करतात, ती फाइल मागून घ्या, किंवा प्लास्टरचं मॉडेल केलं असेल तर ते घरी आणून नीट ठेवा. भोपाळला हरवला तरी तिकडचा डॉक्टर त्याच्यावरून बनवून देऊ शकतो, फक्त मधे जास्त दिवस जाऊ द्यायचे नाहीत. पारदर्शक वाला तसाही घासला जातो, वर्ष-दोन वर्षांत बदलावा लागतो, तर जोड वाया जात नाही.

---

लष्कर_ग्वाल्हेर

रेणूताईंनी जोडाचं सांगितलं त्यावर एक. दुसरा जोड हॉली टाइपचा करता येतो का विचारा, टाळूला लागून अॅक्रिलिक आणि समोरून तार असते तो. दिसतो, म्हणून मुलींना दिवसा आवडत नाही, पण मजबूत असतो आणि तार सैल झाली तर डॉक्टर आवळून देतात. आमच्या मुलाकडे रात्रीसाठी तोच आहे. सुरुवातीला स, श, च नीट येत नव्हते, तोंडात लाळ पण फार सुटायची, आम्ही त्याला रोज संध्याकाळी पेपर मोठ्याने वाचायला लावला, आठवड्याभरात जीभ सरावली.

---

स्नेहलतागंज_आई

रिटेनर पूर्ण बसतोय, फट दिसत नाही, आत्ता बॅटरीच्या उजेडात दोघींनी बघितलं. दिवस-रात्र घालून ठेवायला सांगितलंय. शनिवारी डॉक्टरांकडे जातोय, जोड, स्कॅनची फाइल आणि तारेखाली फ्लॉस कसा घालायचा हे तिन्ही लिहून घेतलं आहे. रेणू, सुपरफ्लॉस इंदुरात कुठल्याही मेडिकलवर मिळतो का ऑनलाइन मागवू?

---

रेणू_वैशालीनगर

मोठ्या मेडिकलवर मिळतो, छोट्यांकडे नसतो. सगळ्यात सोपं म्हणजे शनिवारी डॉक्टरांच्या क्लिनिकमध्येच विचारा, बरेच जण ठेवतात, आणि तिथल्या तिथे तिच्या हातून एकदा घालून घ्या.